अर्जुनी नावाचा रंग

गावाच्या नावाचा अर्थ विचारला की दोन माणसं हमखास पुढे येतात. एक पुराणातली गोष्ट सांगतो, दुसरा शब्दकोश उघडतो. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला असलेल्या अर्जुनी मोरगावच्या नावाचंही तेच होतं. पहिला सांगतो, पांडव वनवासात असताना इकडच्या झाडीत आले, अर्जुनाचा मुक्काम पडला म्हणून अर्जुनी. दुसरा सांगतो, अर्जुन म्हणजे पांढरा, तेव्हा अर्जुनी म्हणजे पांढरी, उजळ. पहिल्यावर हसायची आपल्याला सवय झाली आहे. दुसऱ्यापुढे मात्र मान डोलते, कारण त्याच्या हातात अमरकोश असतो. माझं म्हणणं असं की दोघंही गावाला न विचारताच उत्तर देतात. आणि दुसऱ्याचं उत्तर जास्त फसवं, कारण त्यातली माहिती खरी आहे.

ती माहिती आधी नीट मांडू, म्हणजे तिच्यावर अन्याय व्हायला नको. अमरकोशात पांढऱ्या रंगाच्या नावांच्या रांगेत शुक्ल, शुभ्र, श्वेत, पांडर, सित, गौर, धवल यांच्या जोडीला अर्जुन बसलेला आहे. त्याच कोशात गाईच्या नावांमध्ये अर्जुनी सापडते, तांबड्या रोहिणीच्या शेजारी. वेदातल्या शब्दांचा जुना संग्रह म्हणजे निघंटू. त्यात उषेच्या नावांत अर्जुनी आहे. फल्गुनी नक्षत्राचंही अर्जुनी हे वैदिक नाव. ऋग्वेदातल्या सूर्येच्या विवाहसूक्तात नवरीची पाठवणी होते ती याच नक्षत्रावर. म्हणजे अर्जुनी मोरगावच्या एखाद्या शाळेत 'आमच्या गावाचं नाव' या विषयावर भाषण ठेवलं, तर गाय, पहाट आणि नक्षत्र असं तिहेरी वैभव बसल्या जागी हाती येतं. कोण सोडेल?

शब्दाचे पाहुणे तर त्याहून लांबचे. भाषाशास्त्रज्ञ अर्जुन हा शब्द ज्या मुळाशी नेतात, त्याच मुळातून संस्कृतमधला रजत, ग्रीकमधला चांदीवाचक अर्गुरोस आणि लॅटिनमधला अर्जेंटम येतात. रसायनशास्त्रात चांदीची खूण 'एजी' अशी लिहितात ती या अर्जेंटमवरून, आणि अर्जेंटिना या देशाचं नावही त्यावरूनच. अर्जुनी आणि अर्जेंटिना लांबच्या का होईना, पण चुलत बहिणी आहेत. गंमत अशी की अर्जेंटिनाला नाव मिळालं ते चांदीमुळे नव्हे, चांदीच्या आशेमुळे. वरच्या अंगाला चांदीचे डोंगर आहेत, अशा ऐकीव गोष्टींवर भरवसा ठेवून स्पॅनिश लोकांनी तिथल्या रुंद खाडीला चांदीची नदी म्हटलं. नदीत पाणी आणि गाळ होता. नाव राहिलं, पुढे त्याचं लॅटिन रूप देशाला चिकटलं. मुळाचा अर्थ बिनचूक सापडला, तरी नाव का पडलं ते त्यातून कळतंच असं नाही, याचा इतका चांगला दाखला शोधून मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट कोशवाल्याच्या लक्षात आणून दिली पाहिजे. जुन्या भाषांत पांढरा म्हणजे चुन्याचा रंग नसतो. ऋग्वेदात दिवसाला अर्जुन म्हटलंय आणि रात्रीला कृष्ण. तिथे रंगापेक्षा उजेड मोजला जातो. बर्लिन आणि के या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ मध्ये जगभरच्या भाषांतल्या रंगनावांवर पुस्तक लिहिलं. त्यांचा एक निष्कर्ष असा, की ज्या भाषेत रंगाला दोनच शब्द असतात तिथे ते काळोखाचा आणि उजेडाचा असेच असतात. तांबडा, पिवळा, हिरवा मागाहून येतात. त्यांच्या मांडणीतल्या पुढच्या पायऱ्यांवर पुष्कळ वाद झाले, पण ही पहिली पायरी बरीचशी टिकली. अर्जुन हा त्या उजेडाच्या बाजूचा शब्द आहे. तो चकाकतो, चमकतो, उठून दिसतो. चांदीला तो लागू पडतो, पहाटेला पडतो, पांढऱ्या गाईलाही पडतो. त्यात समान काय, तर आजूबाजूच्या काळपट गर्दीत डोळा आधी तिकडे जातो.

आता पुराणवाल्याकडे वळू. त्याच्या अर्जुनाचा रंग कोणता? महाभारतातला अर्जुन सावळा आहे. विराटपर्वात बृहन्नडा झालेला अर्जुन शमीच्या झाडावरून शस्त्रं काढवतो, राजपुत्र उत्तराला आपली ओळख सांगतो आणि त्या पोराचा विश्वास बसावा म्हणून आपल्या दहा नावांचे अर्थ एकेक करून उलगडतो. तिथे अर्जुन या नावाचं कारण तो दुर्मीळ कांतीसोबत आपल्या शुद्ध, उजळ कर्माशी जोडतो. आणि त्याच दहात एक नाव कृष्ण असंही आहे, बापानं लाडानं ठेवलेलं, सावळ्या वर्णावरून. एकाच माणसाला पांढरा आणि काळा अशी दोन्ही नावं, आणि उत्तराला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्यालाही वाटू नये. पंचक्रोशीत गोरे आडनावाचे काळे आणि काळे आडनावाचे गोरे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. चक्रधरस्वामींचा भंडाऱ्याचा शिष्य नीळभट्ट भांडारेकार. लीळाचरित्र वाचताना त्याचा रंग निळा असेल असं कुणाच्या मनात येत नाही. माणसाला चिकटलेलं रंगाचं नाव रंग सांगायचं काम फार लवकर सोडून देतं.

गावाचं काय? इथे मला पहिल्यांदा एक साधी विचारणा करावीशी वाटते : अर्जुनीत राहणाऱ्या कुणी, कधी तरी, अर्जुन हा शब्द पांढऱ्यासाठी वापरला असेल का? वैनगंगेच्या पूर्वेची ही झाडीपट्टी. इथली बोली झाडीबोली, जिच्या अभ्यासासाठी आणि मानासाठी हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं. या बोलीत ळ नाही, ण नाही. डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा. पांढऱ्याला पांढराच म्हणतात, जनावर असेल तर ढवरा. अर्जुन हा रंग इथल्या बाजारात कधी कुणी विकला नाही, अर्जुन रंगाचं लुगडं कुणी मागितलं नाही. ज्या अर्थाचा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी नाही, त्या अर्थानं त्यानं गावाला नाव दिलं म्हणणं म्हणजे नातवाच्या नावावरून आजोबाचं बारसं करण्यासारखं आहे.

मग इथे अर्जुन म्हणजे काय? झाड. एवढं साधं उत्तर.

हे झाड पाहायचं तर पाण्याकाठी जावं लागतं. इटियाडोह धरणाची गाढवी नदी, तिला मिळणारे नाले, तलावांच्या पाळीच्या खालची ओल, तिथे ते उभं असतं. आत रानात शिरलं तर त्याचा सख्खा भाऊ भेटतो, ऐन. इकडे येन म्हणतात. वनस्पतिशास्त्रात दोघं एकाच टर्मिनालिया कुळीतले, कोसा रेशमाचे किडे दोघांच्याही पानांवर पोसले जातात, आणि या भागातले ढिवर पिढ्यान्‌पिढ्या ती कोसाशेती करत आले. पण दोघांची खोडं शेजारी शेजारी बघा. येनाचं खोड काळपट, खोल भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे झालेले, मगरीच्या पाठीची आठवण व्हावी असे. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, राखाडीकडे झुकणारं पांढरट. त्याची साल पातळ, मोठाल्या खपल्यांनी सुटते; खपली पडलेल्या जागी खालचा कोवळा थर दिसतो, कुठे फिका हिरवा, कुठे गुलाबीवर गेलेला, आणि जुन्या-नव्या चकत्यांचं खोड उन्हात दुरून चमकतं. फळ हातात घेतलं तर त्याला लांबट पाच पंख. लांबून मात्र फळ, पान काही कळत नाही. कळतं ते खोड. येन, मोह, तेंदू, बीजा यांच्या काळ्याकरड्या गर्दीत नदीची रेघ कुठून जाते ते हे खोडच सांगतं.

झाडाला अर्जुन म्हणणाऱ्या कुण्या प्राचीन माणसानं बहुधा हेच पाहिलं. त्यानं एकेकटं झाड पाहून रंग ठरवला नाही. भाऊ काळा म्हणून हा उजळ. रंगाची नावं अशीच पडतात, शेजाऱ्याकडे बघून. ढवळ्या हे बैलाचं नाव पडायला गोठ्यात दुसरा पवळ्या असावा लागतो. सगळे बैल पांढरे असते तर ढवळ्या म्हणून हाक मारायचं कारणच उरलं नसतं. अमरकोशानं या झाडाला नदीसर्ज असंही एक नाव दिलंय, आणि त्यात त्याची राहण्याची जागा आली. अर्जुन या नावात त्याचं दिसणं आलं. दोन्ही नावं रानात पायी फिरणाऱ्यांची आहेत.

इथे एक खरी अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. झाडीपट्टीत या झाडाला अर्जुन म्हणणारे वनखात्यातले, आयुर्वेदातले आणि शाळेतले. गावातलं जुनं नाव कहू. पलीकडे छत्तीसगडात कउहा. हा शब्द आला संस्कृत ककुभापासून, म्हणजे तोही तितकाच जुना आणि खानदानी. कालिदासानं मेघदूतात पावसाळी डोंगरांवर दरवळवला तो ककुभच. मेघदूताची सुरुवात जिथे होते तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, ते धरलं तर कवीचा ककुभ आणि ढिवराचा कहू यांच्यात फार तर काही दिवसांच्या पायवाटेचं अंतर. आणि विनोद बघा : आपण गावंढळ समजून बाजूला ठेवतो तो कहू कालिदासाच्या शब्दाचा थेट वारस निघाला. मग गाव वसवणाऱ्यांच्या तोंडी कहू होता, तर गावाचं नाव अर्जुनी का?

याचं उत्तर एका गावाकडे पाहून मिळत नाही; नकाशा पसरावा लागतो. अर्जुनी एकच नाही. याच गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनी हा दुसरा तालुका आहे. छत्तीसगडात धमतरीजवळ अर्जुनी आहे, बलौदाबाजारकडच्या जंगलात अर्जुनी नावाचं वनपरिक्षेत्र आहे, बालोदकडे अर्जुंदा. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, निपाणीच्या बाजूला पुन्हा अर्जुनी. कोकणात राजापूर ज्या दोन नद्यांच्या संगमावर वसलंय त्यातली एक अर्जुना. कागल आणि धमतरी यांच्यामध्ये सबंध महाराष्ट्र आडवा पडलेला आहे. या गावांना नावं देणारे एकमेकांना भेटले नव्हते, त्यांनी एक पुराणही वाचलेलं नव्हतं. तरी नाव एकच. याचा अर्थ अर्जुन हा शब्द पंडितांनी वरून सोडलेला नाही. कहूसोबत तोही लोकांत चालत होता, कुठे हा जास्त, कुठे तो. एका झाडाला दोन नावं असणं आपल्याकडे नवलाचं नाही. पश्चिमेकडे याच झाडाला अर्जुनसादडा म्हणतात.

यातून एक नियम काढावासा वाटतो, आणि स्थळनावांची चर्चा करणाऱ्या प्रत्येकानं तो भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही : नाव एकमेव असेल तर त्यामागे गोष्ट शोधा, नाव ठायी ठायी सापडत असेल तर त्यामागे नेहमीची, रोजची वस्तू शोधा. अर्जुन पांडव दहा ठिकाणी मुक्काम करून गेला असेल हो. पण मग भीमी, नकुली, सहदेवी या गावांनी काय पाप केलं? आणि या भागापुरतं बोलायचं तर पांडवांपैकी इथे खरा मान भीमाचा आहे. गोंड लोक भिवसन, भीमसेन म्हणून त्याला पूजतात. पाऊस, पीक यांसाठी त्याच्याकडे जातात. अर्जुनाचं असं ठाणं त्यांच्यात नाही. पांडवाच्या नावानं गाव वसवायचं ठरलं असतं, तर झाडीतल्या माणसानं नाव भिवसनाचं दिलं असतं.

उलट झाडाच्या बाजूनं पुरावा पावलापावलाला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच सावरटोला आहे, निमगाव आहे. भंडारा जिल्ह्यात मोहाडी. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेच्या मार्गावर हिरडामाली येतं, सौंदड येतं, अर्जुनी येतं, वडेगाव येतं. हिरडा, सौंदड, अर्जुन, वड. खिडकीशी बसून पाट्या वाचत गेलं तरी झाडांची यादी तयार होते.

त्यातल्या सौंदडपाशी जरा थांबतो. सौंदड हे मराठीत शमीचं नाव. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रं ठेवली ती शमीवर. आता बघा कशी गोष्ट जुळते : इकडे अर्जुनी, तिकडे त्याच रेल्वेवर सौंदड; अर्जुनानं गांडीव जिथे लपवलं ते सौंदड आणि तिथून निघून जिथे प्रकट झाला ती अर्जुनी. एक फलक, एक छोटं देऊळ आणि दसऱ्याची जत्रा, एवढ्यावर दहा वर्षांत ही गोष्ट 'पूर्वापार' होईल. मी ती आत्ता, याच ओळीत रचली आहे, आणि तरीही ती वाचताना क्षणभर पटली असेल. पटण्याचं कारण दोन्ही नावं झाडांची आहेत हेच. गोष्टीला लागणारा सगळा माल त्या झाडांनी पुरवला, श्रेय मात्र धनुर्धराला गेलं.

असा मोह झाडाच्या बाजूनंही होतो, हे कबूल करायला हवं. महामार्गावरचं कोहमारा ऐकलं की मन लगेच 'कोह म्हणजे कहू' असं म्हणायला धावतं. तलाव बांधणारे कोहळी आठवले की त्यांनाही त्यात ओढावंसं वाटतं. आवाजाच्या साम्यावर एवढं बांधकाम झेपत नाही. अर्जुनीच्या बाबतीत आवाज आहे, झाड आहे, झाडाला लागणारी ओल आहे, शेजारच्या गावांची रीत आहे आणि दूरच्या सारख्या गावांची साक्ष आहे. पाच धागे एका दिशेला जातात, म्हणून मी तिकडे झुकतो. कुण्या अर्जुन नावाच्या मालगुजारावरून नाव पडलं असेल, अशी शंकाही कुणी काढील. माणसाच्या नावाला सहसा पूर, वाडा, टोला असं काहीतरी जोडावं लागतं. नुसता ईकार लावून गाव होतं ते बोरी, जांभळी, खैरी, उमरी यांचं. अर्जुनी त्या पंगतीत बसते.

आता कोशवाल्यावर मी एवढा रागावलो का, तेही सांगायला हवं. कारण आपल्याकडे नावातला रंग वर काढताना खालची माणसं गाडली जातात. सगळ्यात मोठं उदाहरण पंढरपूरचं. काळ्या पाषाणाच्या, सावळ्या म्हणून गायलेल्या विठ्ठलाला आपण पांडुरंग म्हणतो, म्हणजे पांढऱ्या अंगाचा. यावर भाविक अर्थ भरपूर आहेत आणि ते त्यांच्या जागी सुंदर आहेत. पण रा. गो. भांडारकरांपासून रा. चिं. ढेऱ्यांपर्यंत अभ्यासक ज्या गोष्टीकडे बोट दाखवत आले ती वेगळी : जुन्या कन्नड लेखांत या गावाचं नाव पंडरगे असं येतं. आधी गाव, मग गावाच्या नावाला संस्कृत वळण, आणि त्या वळणातून देवाला रंग. म्हणजे पंढरपुरात रंग नसलेल्या नावात रंग शिरला, आणि त्या रंगाखाली तिथली कन्नड बोलणारी वस्ती दिसेनाशी झाली. अर्जुनीत खराखुरा रंग नावात होता, पण झाडाच्या आत. तो झाडातून उपटून सरळ उषेला आणि नक्षत्राला नेऊन बांधला, की मधली कडी, म्हणजे ते झाड ओळखणारा माणूस, गळून पडतो.

आणि तो माणूस साधासुधा नव्हता. याच तालुक्यात नवेगावबांध आहे. डोंगरांच्या कुशीतला तो अफाट तलाव अठराव्या शतकात कोहळ्यांनी बांधला. कोलू पाटील कोहळी हे नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे राहिले आणि त्यांच्या लेखनातून हे रान मराठी वाचकांच्या घरात गेलं. ज्यांनी पाण्याचा उतार नुसत्या डोळ्यांनी जोखून पाळी घातल्या, त्यांना नदीकाठचं कोणतं झाड ओल दाखवतं हे कळत होतं. अर्जुन जिथे आपणहून उगवतो तिथे पाणी जवळ असतं. नव्या वस्तीसाठी जागा हेरणाऱ्याला एवढी खूण पुरे. अर्जुनी या नावात जर काही थोरवी असेल तर ती या हेरण्यात आहे.

रंग ओळखायची त्यांची नजर किती बारीक होती हे बघायचं असेल तर मातीची नावं ऐका. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी, बर्डी अशी नावं आहेत, आणि इंग्रजांच्या काळात जमाबंदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी सारा ठरवताना हीच नावं वापरली, कारण त्यांच्याजवळ याहून चांगली नव्हती. कन्हार काळी, चिकण, पाणी धरणारी; उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा जातात. मोरंड तिच्याहून फिकी, पिवळसरपणाकडे जाणारी, धानाला आणि मागाहून लाखोळीलाही चालणारी. सिहार पिवळट, रेताड. पाऊस पडला की पाणी झिरपून जातं, म्हणून तिच्यात बांध नीट घालावा लागतो. बर्डी, खर्डी म्हणजे उंचावरची मुरमाड, गोट्यांची. कन्हार ऐकताना कान्हा, कृष्ण आठवतो आणि तसं नातं असूही शकेल. पण शेतकरी कन्हार म्हणतो तेव्हा त्याला काळा रंग सांगायचा नसतो, रोवणी कधी होईल, नांगर कधी घालता येईल आणि कोणतं धान टाकावं हे सांगायचं असतं. रंग ही खूण, मतलब पाण्याशी. अर्जुनाच्या पांढऱ्या खोडाचंही तेच.

(जाता जाता : मोरंडीवरून कुणी मोरगाव काढू नये. ड कुठे गेला याचा जबाब द्यावा लागेल. या रानात मोर आहेत, आणि तेवढं पुरे आहे. बारामतीजवळच्या मोरगावच्या गणपतीशी या मोरगावचा संबंध नावापुरताच.)

सबंध मराठी मुलखात हीच नजर काळी आणि पांढरी या जोडीत दिसते. शेताची जमीन काळी, वस्तीची जमीन पांढरी. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला तेव्हा गावाची ही दोन अंगं नवी नव्हती. वाचकाला ती माहीत होती. पांढरी पांढरी कशानं? शेकडो वर्षं एकाच जागी चुली पेटल्या, राख पडली, मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पावसात विरघळल्या, गोठ्यांचा केर कुजला. त्यातून करडी-पांढुरकी, भुसभुशीत माती साचत गेली. महाराष्ट्रात उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ अजूनही जुन्या वस्तीच्या उंचवट्याला पांढरीचं टेकाड म्हणतात आणि गावकऱ्यांना 'तुमची पांढर कुठे?' म्हणून विचारतात. इथला पांढरा रंग कुणी रंगवला नाही, निवडलाही नाही. तो राहण्याचा रंग आहे. कोशात पांडर आणि अर्जुन एकाच रांगेत आहेत म्हणून पांढरी आणि अर्जुनी या दोन शब्दांचा अर्थ एकच, असं कुणी म्हणाला तर अर्जुनीचा शेतकरी त्याला वेड्यात काढेल. पांढरी गावात असते, अर्जुन गावाबाहेर पाण्यावर.

याला उत्तर म्हणून कुणी म्हणेल, 'अहो, गावाला जरा मोठा अर्थ मिळाला तर बिघडलं कुठे? मुलांना अभिमान वाटतो.' बिघडतं ते असं. मोठा अर्थ बाहेरून येतो आणि बाहेरच्यांच्या हातात राहतो. उषा, नक्षत्र, अर्जेंटम हे सगळं सांगायला संस्कृत आणि लॅटिन लागतं. गावातल्या म्हाताऱ्याला त्यावर बोलायला तोंड उरत नाही. झाडाचा अर्थ त्याला बोलायला लावतो. कहू कुठे कुठे होते, कुठले तोडले, साल कोण कशाला नेत होतं, कोसा कोण पोसत होतं, हे तोच सांगू शकतो. एक अर्थ ऐकून घ्यायचा, दुसऱ्यात आपली भर घालता येते. मुलांना अभिमानच द्यायचा तर कोशातल्या गाई-पहाटेपेक्षा, आपल्या आज्याला दुरून खोड पाहून पाण्याची वाट कळत होती, हा अभिमान मला जास्त भरीव वाटतो. अर्जेंटमची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ती शब्दाची गोष्ट आहे, म्हणून भाषेच्या तासाला सांगावी. गावाची गोष्ट म्हणून सांगू नये.

शेवटी या नावाचं आज काय झालंय तेही पाहू. नाव पडलं तेव्हा एवढी ओळख पुरत होती की अर्जुनाच्या झाडांपाशी गाव आहे. आसपासच्या सावरटोल्यापासून, निमगावापासून ते वेगळं कळत होतं. पुढे टपाल आलं, महसूल आला, तालुके आले, आणि एका जिल्ह्यात दोन अर्जुन्या झाल्यावर झाडाची खूण कमी पडू लागली. तेव्हा एकीला शेजारचं मोरगाव जोडलं, दुसरीला मुंबई-कोलकाता महामार्गाची सडक. बातम्यांत आणि कागदपत्रांत मधे तिरकी रेघ मारून 'अर्जुनी/मोर' आणि 'सडक/अर्जुनी' लिहितात. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा दोघी एकदमच नव्या जिल्ह्यात आल्या, त्यामुळे ही जोडणी सुटायचं कारण उरलं नाही. विधानसभेच्या मतदारसंघालाही अर्जुनी-मोरगाव असं पुरं नाव आहे. पूर्वी एक झाड दुसऱ्या झाडाहून उजळ होतं म्हणून त्याला अर्जुन म्हटलं. आता एक अर्जुनी दुसरीपासून वेगळी करायला मोर आणि सडक लागतात. काम तेच. फक्त रेल्वेनं या भानगडीत पडायचं टाळलं. सडक अर्जुनीला स्टेशन नाही, तिथल्या लोकांना गाडी धरायला सौंदड गाठावं लागतं. त्यामुळे इकडच्या स्टेशनाच्या पाटीवर अजून नुसतं अर्जुनी एवढंच लिहिलेलं चालतं.